जवारी

उद्यमनगरात अण्णांच्या लेथवर
मी एक पितळेचा बुश कातून घेतला,
करंगळीच्या मापाचा.
'कुठल्या पंपाचा?' अण्णांनी विचारलं.
गिटारीचा, म्हणालो.
त्यांनी तो तळहातावर तोलला.
'अर्धा सूत जाड झालाय.'

गिटार शाहूपुरीतल्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राची,
पाठीवर कुणाच्या तरी बकलाचे ओरखडे.
कॅसेट टेप दुरुस्तीच्या दुकानातली,
तिचा मालक परत आलाच नव्हता.
कव्हर नाही, नाव नाही.
आत एक माणूस कण्हत होता
आणि तो थांबला की तार त्याला उत्तर देत होती.
भाषा कळली नाही,
पण हे घरात मी आधी ऐकलेलं होतं.

गुंडूमामा. चाळीस वर्षं शाहिराच्या मागं उभा,
हातात तुणतुणं, तोंडात जी जी रं जी.
शाहिरानं ओळ टाकायची, यानं उचलायची.
फेटा शाहिराचा, नारळ शाहिराचा,
मामाला परतीच्या एसटीत खिडकी.
'झीलकऱ्याला सोताची ओळ नसती,' तो म्हणायचा,
'म्हणून घसा बसत न्हाई.'

मीही उभा राहिलो त्या कॅसेटच्या मागं,
नऊ वर्षं.
न पाहिलेल्या कापसाच्या शेतांवर गायलो,
नावं उच्चारता येत नाहीत अशा नद्यांवर,
हायवेच्या हॉटेलात, तांबड्या रश्श्याच्या वाफेत.
'वाजवतोस जाळ, भावा,' लोक म्हणायचे,
'पर म्हनलास काय, ते समजलं न्हाई.'
मलाही.

मग उच्चारता येणारी नदी घरात आली.
माळ्यावर आम्ही चढवलं धान्य, सिलिंडर,
आईचं शिलाई मशीन.
गिटार राहिली.
सहा दिवसांनी पलंगाखाली सापडली,
भिजल्या भाकरीसारखी फुगलेली, पोटात गाळ.

मिरजेत मिरासाब चाचानं ती उलटी करून झटकली.
'हे आमचं काम न्हवं,' म्हणाला,
आणि ठेवून घेतली.
सरसानं सांधली, आतून भोपळ्याचं ठिगळ लावलं,
हाडाची नवी घोडी बसवली
आणि हाताच्या सवयीनं
ती सतारीसारखी घासून टाकली.

घरी तार छेडली तर स्वर संपेना,
काचेआड अडकलेल्या गांधीलमाशीसारखा
मागं झणझणत राहिला.
मी चिडून फोन लावला:
चाचा, तार घोडीला घासतीय.
पलीकडं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.
'घासंलच की. जवारी काढलीया.'

जवारी.
आमच्या मंडईत हा शब्द मिरचीला लावतात,
बुटक्या, वाकड्या, नाकात जाणाऱ्या.
परड्यातल्या कोंबडीला लावतात.
बी बाहेरून आणावं लागत नाही
अशा कशालाही.

त्या रात्री पहिली ओळ आली,
अण्णांच्या उजव्या हाताची:
दीड बोट कुठं गेलं, अण्णा, दीड बोट कुठं गेलं.
दोनदा म्हटली,
कारण तिसरी सुचायला वेळ लागत होता.
तिसरी आली:
मालकानं मोजून दिले त्याचे सुट्टे पैसे.

रात्रपाळीच्या चहाला, वर्कशॉपच्या दारात
ती पहिल्यांदा गायलो.
आठ-दहा जण, ग्रीसचे हात, एक कुत्रं.
ओळ टाकली, थांबलो,
तारेनं उत्तर द्यायच्या आत मागून आलं
फाटकं, अर्धी मात्रा उशिरा:
जी जी.
मी वळलो नाही.
वळलो असतो तर गाणं सांडलं असतं.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ग्लास तेवढे खाली ठेवले गेले.
अण्णा उठले,
साडेतीन बोटांनी माझ्या करंगळीतला बुश काढून घेतला
आणि आत गेले.
लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

मामानं काठी वाजवली.
'फुडची वळ?'
अजून नाही, म्हणालो.
'मग ही पुन्यांदा टाक.'

बुश परत आला तेव्हा कोमट होता.